शेतजमिनीचा मोबदला आणि प्राप्तिकर

इंद्रायणीच्या एका तीरावर मोशी व तळवडे आणि दुसऱ्या तीरावर चिंबळी, कुरुळी व निघोजे ही गावे वसलेली आहेत. दोन्ही तीरांवरील जमिनींचे भवितव्य मात्र गेल्या सत्तर वर्षांत कारखान्यांनी ठरविले. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली व भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथील शेते औद्योगिक भूखंडांत रूपांतरित होत गेली. पुढे उद्योगांचा हा लोंढा नदी ओलांडून उत्तरेस गेला. बजाज ऑटोचा चाकण येथील कारखाना १९९९ चा. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत मोटारींचे मोठे कारखाने तेथे आले. चाकणच्या बाजारात कांदा-बटाट्याच्या गाड्या आजही लागतात, परंतु ज्या वावरात तो कांदा पिकत असे त्यांपैकी कित्येक वावरे आता गोदामांच्या पत्र्याखाली गेली आहेत.

या स्थित्यंतरात शेतकऱ्याच्या हाती मोठी रक्कम येते ती बहुधा आयुष्यात एकदाच. पिकाचा पैसा दरवर्षी येतो, तेव्हा एका हंगामात झालेली चूक पुढील हंगामात भरून काढता येते. जमिनीच्या पैशाचे तसे नाही. म्हणूनच या पैशासंबंधी कायदा काय म्हणतो हे खरेदीखतावर सही होण्यापूर्वी समजून घेणे अगत्याचे आहे. अनुभव असा की, शेतकरी कर सल्लागाराकडे जातो तो प्राप्तिकर खात्याची नोटीस आल्यावर, म्हणजे सवलतींच्या मुदती उलटून गेल्यानंतर.

‘शेतीला कर नाही’ या समजुतीची मर्यादा

शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकारचा प्राप्तिकर नाही, ही गोष्ट खरी आहे. परंतु शेतमालाचे उत्पन्न निराळे आणि शेतजमीन विकून होणारा नफा निराळा. ऊस, कांदा, सोयाबीन विकून आलेला पैसा हा शेतीचे उत्पन्न होय. जमीन विकून आलेला पैसा हा त्या जमिनीचे मोल होय आणि जमीन जर कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ‘भांडवली मत्ता’ ठरत असेल, तर तीवर झालेल्या नफ्यास कर लागतो.

कोणती शेतजमीन भांडवली मत्ता ठरते व कोणती ठरत नाही, हा प्रश्न सातबाऱ्यावर सुटत नाही. सातबाऱ्यावर जिरायत किंवा बागायत असे लिहिलेले असूनही प्राप्तिकराच्या दृष्टीने ती जमीन शहरी ठरू शकते. येथे दोन गोष्टी पाहिल्या जातात : जवळच्या नगरपालिकेची, महानगरपालिकेची किंवा कटकमंडळाची लोकसंख्या आणि तिच्या हद्दीपासून जमिनीचे अंतर. दहा हजार किंवा अधिक लोकवस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीत असलेली शेतजमीन सरळच शहरी धरली जाते. हद्दीबाहेर मात्र लोकसंख्येप्रमाणे वर्तुळ मोठे होत जाते. लोकसंख्या १० हजारांहून अधिक परंतु १ लाखापर्यंत असेल तर हद्दीपासून २ किलोमीटर, १ लाखाहून अधिक परंतु १० लाखांपर्यंत असेल तर ६ किलोमीटर आणि १० लाखांहून अधिक असेल तर ८ किलोमीटर. या वर्तुळाच्या बाहेरील शेतजमीन ग्रामीण समजली जाते व तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही.

अंतर कसे मोजावयाचे, यावर पूर्वी पुष्कळ वाद झाले. गावकरी गाडीरस्त्याने मोजीत, अधिकारी नकाशावर सरळ रेषा ओढीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१५ मध्ये असा निर्णय दिला की, जुन्या वर्षांच्या प्रकरणांत अंतर रस्त्यानेच मोजले पाहिजे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये परिपत्रक काढून ही भूमिका मान्य केली. परंतु तोवर संसदेने २०१३ च्या वित्त अधिनियमाने कायदाच बदलला होता. करनिर्धारण वर्ष २०१४-१५ पासून अंतर सरळ रेषेत, म्हणजे पक्षी उडतो तसे हवाई मोजले जाते. ज्यांच्या गावास नदीवरील पुलास वळसा घालून जावे लागते, त्यांच्या दृष्टीने हा बदल फार महत्त्वाचा आहे. रस्त्याने ११ किलोमीटर भरणारे शेत सरळ रेषेत ७ किलोमीटर भरू शकते.

आता हा नियम या पट्ट्यास लावून पाहावा. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० ची व महानगरपालिका १९८२ ची. १९९७ मध्ये तिची हद्द वाढली व मोशी, चऱ्होलीसारखी गावे तीत आली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महानगरपालिकेची लोकसंख्या १७ लाखांवर आहे. म्हणजे तिच्या हद्दीपासून ८ किलोमीटरचे वर्तुळ लागू होते. इंद्रायणीपलीकडील चिंबळी, कुरुळी, निघोजे ही गावे या वर्तुळात येतात. तेथील ग्रामपंचायत अजून ग्रामपंचायत आहे, पीक अजून उभे आहे, तरीही तेथील शेतजमीन प्राप्तिकराच्या नजरेत शहरी आहे. खेड तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरी गावांची गोष्ट निराळी. तेथील जमीन सर्व वर्तुळांच्या बाहेर राहते. ज्या गावांतून वर्तुळाची कड जाते तेथे शेजारशेजारच्या दोन गटांपैकी एक आत व एक बाहेर असाही प्रकार संभवतो. अशा ठिकाणी अंदाजाने चालू नये. गट क्रमांक दाखवून भूमी अभिलेख कार्यालयाकडून किंवा संबंधित नगररचना विभागाकडून हवाई अंतराविषयी लेखी पत्र मिळविण्याचा प्रयत्न विक्रीपूर्वीच करावा. वर्षे लोटल्यावर असे पत्र मिळविणे कठीण जाते.

चाकण येथे २०१५ मध्ये नगरपरिषद झाली. गावाची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ४१ हजार होती. नगरपरिषद झाल्याबरोबर तिच्या हद्दीतील शेतजमीन शहरी झाली आणि हद्दीबाहेर २ किलोमीटरचे नवे वर्तुळ पडले. देहूरोड कटकमंडळाच्या शेजारच्या गावांनीही हे ध्यानात ठेवावे. नगरपालिका म्हटली की घरपट्टी व नळपट्टी एवढेच लोकांच्या मनात येते. प्राप्तिकराचा विचार कोणी करीत नाही.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ शेतकरी चांगला भाव मिळावा म्हणून विक्रीपूर्वी जमीन बिनशेती करून घेतात किंवा गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे पाडून विकतात. गाव वर्तुळाबाहेरचे असले तरी बिनशेती झालेली जमीन शेतजमीन म्हणून सवलत मागू शकत नाही. जादा भाव व कर यांचा हिशेब आधी मांडून मगच बिनशेतीचा अर्ज करावा.

महामंडळाने जमीन घेतल्यास

औद्योगिक विकास महामंडळासाठी होणारे संपादन हे १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमाखाली होते. शहरी ठरलेली शेतजमीन सक्तीने संपादन झाल्यास शेतकऱ्यास मोठी सवलत आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १०(३७) मध्ये ती दिलेली होती. जमीन व्यक्तीची किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाची असावी व संपादनापूर्वीची लगतची दोन वर्षे ती स्वतः खातेदाराने, त्याच्या आईवडिलांनी किंवा कुटुंबाने शेतीसाठी वापरलेली असावी, या तिच्या मुख्य अटी होत. अट पुरी झाली तर मोबदल्यावर भांडवली नफ्याचा कर नाही.

या सवलतीचे मर्म ‘शेतीसाठी वापरलेली’ या शब्दांत आहे. संपादनाची चाहूल लागताच पेरणी थांबविणे, जमीन पडीक टाकणे, कुंपण घालून वीटभट्टीस किंवा वाहनतळास भाड्याने देणे असे प्रकार या पट्ट्यात घडतात. त्यामुळे सवलतीचा पायाच ढासळतो. पीकपाहणीची नोंद हा येथे सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. महाराष्ट्रात २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकऱ्यास स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून ही नोंद करता येते. अनुदानासाठी व पीक विम्यासाठी ती करावी असे सांगितले जाते. मोबदल्यावरील करसवलतीसाठीही तिचे मोल तितकेच आहे, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आवर्जून सांगावे. बाजार समितीच्या पट्ट्या, खते-बियाण्यांच्या पावत्या व पीककर्जाचा उतारा यांची जोड त्यास द्यावी.

महामंडळाशी वाटाघाटी करून दर ठरविला तर ते सक्तीचे संपादन राहत नाही काय, अशी शंका शेतकरी विचारतात. केरळातील टेक्नोपार्कसाठी घेतलेल्या जमिनीच्या बाबतीत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. संपादनाची कार्यवाही सुरू झाल्यानंतर केवळ किंमत बोलणीने ठरली म्हणून संपादनाचे सक्तीचे स्वरूप जात नाही, असा निर्णय न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये दिला. परंतु अधिसूचना निघण्यापूर्वीच एखाद्या दलालास किंवा कंपनीस खाजगी खरेदीखताने जमीन दिली, तर तिला संपादन म्हणता येणार नाही व ही सवलतही मिळणार नाही. भाव किंचित अधिक म्हणून खाजगी विक्री पत्करणाऱ्याने हा फरक रुपयांत मांडून पाहावा.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ९६ मध्ये निवाड्याच्या रकमेवर प्राप्तिकर लागणार नाही असे म्हटले आहे व केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २५ ऑक्टोबर २०१६ च्या परिपत्रकाने ते स्पष्ट केले आहे. ते कलम त्या कायद्याखालील निवाड्यास लागू आहे. रस्ता, रेल्वे व औद्योगिक वसाहत यांचे संपादन निरनिराळ्या कायद्यांखाली होत असते. तेव्हा आपला निवाडा कोणत्या कायद्याखाली झाला हे त्याच्या पहिल्याच पानावर पाहावे. महामंडळाच्या संपादनास कलम ९६ आपोआप लागते असे धरून चालू नये.

मोबदला देताना १० टक्के रक्कम करापोटी कापली जाते, अशीही तक्रार ऐकू येते. १ एप्रिल २०२५ पासून वर्षात ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यावर ही कपात नाही. शेतजमिनीच्या सक्तीच्या संपादनावर, मग ती शहरी वर्तुळातील का असेना, कपात करावयाची नाही अशीच तरतूद आहे. तरीही घर, गोठा, बिनशेती तुकडा यांच्या मोबदल्यावर कपात होऊ शकते, आणि पॅन क्रमांक दिला नसेल तर ती २० टक्क्यांपर्यंत जाते. कापलेली रक्कम सरकारजमा होते. कर लागत नसेल तर विवरणपत्र भरून ती परत मागता येते; विवरणपत्र न भरल्यास ती कोणी आपण होऊन घरी आणून देत नाही. याच्या उलट, कपात झाली नाही म्हणजे कर नाही असाही अर्थ काढू नये.

न्यायालयातून वाढीव मोबदला मिळाला तर तो ज्या वर्षी हातात पडतो त्या वर्षाचा धरला जातो. त्यावरील व्याज ही निराळी बाब आहे. या व्याजाविषयी न्यायालयांतून मतभेद झालेले आहेत. परंतु कायद्याच्या मजकुराप्रमाणे ते मिळाल्या वर्षी इतर उत्पन्नात धरावे व त्याचा निम्मा भाग वजा करून उरलेल्या निम्म्यावर कर द्यावा अशी व्यवस्था आहे. पंधरा-वीस वर्षे चाललेल्या दाव्यात व्याज मूळ रकमेहून मोठे होते. सबब निकालाची रक्कम स्वीकारताना मूळ मोबदला किती व व्याज किती याचा तक्ता लेखी मागून घ्यावा.

खाजगी विक्रीचा हिशेब

वर्तुळातील जमीन खाजगी रीतीने विकल्यास भांडवली नफा मोजावा लागतो. वडिलोपार्जित जमिनीची मूळ खरेदी किंमत बहुधा नसतेच. अशा वेळी १ एप्रिल २००१ रोजीची वाजवी किंमत मूळ किंमत म्हणून घेता येते. मात्र त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यांकनाहून ती अधिक धरता येत नाही. नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला त्यासाठी घ्यावा.

कराचा दर २०२४ मध्ये बदलला. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर आहे व महागाई निर्देशांकाने मूळ किंमत वाढवून घेण्याची पद्धत बंद झाली. परंतु त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमिनी व इमारतींबाबत निवासी व्यक्तीस व हिंदू अविभक्त कुटुंबास एक मोकळीक ठेवली आहे : जुन्या पद्धतीने, म्हणजे निर्देशांक लावून २० टक्क्यांनी, कर कमी येत असेल तर तेवढाच द्यावा.

समजा, २० गुंठे जमिनीची २००१ मधील किंमत ५ लाख रुपये होती व २०२५-२६ या आर्थिक वर्षात ती १ कोटी रुपयांस विकली. नव्या रीतीने नफा ९५ लाख व कर ११ लाख ८७ हजार ५०० रुपये. जुन्या रीतीने त्या वर्षीच्या ३७६ या निर्देशांकाप्रमाणे मूळ किंमत १८ लाख ८० हजार होते, नफा ८१ लाख २० हजार उरतो व कर १६ लाख २४ हजार येतो. येथे नवी रीत फायद्याची ठरते. तीच जमीन २००१ मध्ये २० लाखांची असती तर नव्या रीतीने कर १० लाख व जुन्या रीतीने ४ लाख ९६ हजार आला असता. अधिभार व ४ टक्के उपकर यांहून वेगळे आहेत. त्या वर्षापुरता स्थूल अंदाज असा की, विक्रीची किंमत २००१ च्या किमतीच्या साधारण ८.३६ पटींहून अधिक असेल तर १२.५ टक्क्यांची रीत स्वस्त पडते. चाकण परिसरातील भाव ज्या वेगाने चढले ते पाहता येथे बहुधा तीच रीत लागू पडेल.

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही अशी घोषणा झाली व ती गावोगावी पोहोचली. ही सूट नव्या करपद्धतीतील सामान्य उत्पन्नास आहे. जमिनीच्या विक्रीवरील नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नास ती नाही. ‘माझा नफा दहाच लाखांचा आहे, मग मला कर कसला?’ असे म्हणणाऱ्या शेतकऱ्याची अडचण येथेच होते.

जमीन वर्तुळातील असून व्यवहार ५० लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा असल्यास खरेदीदाराने १ टक्का कापून भरावयाचा असतो. आपल्या पॅन क्रमांकावर ती रक्कम जमा दिसते की नाही हे पाहून घ्यावे. खरेदीखतात किंमत कमी दाखवून उरलेली रोखीने घेण्याची जुनी खोड अजून गेलेली नाही. मुद्रांक मूल्यांकन दस्तातील किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक चढ असेल तर कलम ५० सी प्रमाणे मुद्रांक मूल्यांकनच विक्रीची किंमत समजली जात असे व नव्या कायद्यातही तेच तत्त्व आहे. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार रुपये वा अधिक रोख इसार घेण्यास २०१५ पासून आणि कोणत्याही एका व्यवहारात २ लाख वा अधिक रोख स्वीकारण्यास २०१७ पासून मनाई आहे. घेणाऱ्यावरच, म्हणजे येथे शेतकऱ्यावरच, तितक्याच रकमेचा दंड बसू शकतो. देणारा मोकळा राहतो.

मोशीसारख्या गावांत जमीन विकण्याऐवजी विकसन करार करून सदनिका घेण्याचा प्रघात आहे. नोंदणीकृत करार असल्यास व्यक्तीस व हिंदू अविभक्त कुटुंबास कर इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला मिळाल्या वर्षी द्यावा लागतो. मात्र त्यापूर्वी आपला हिस्सा विकला तर ही मुदत मिळत नाही.

जमिनीच्या बदली जमीन

ज्यास शेतीच करावयाची आहे त्याच्यासाठी सर्वांत योग्य सवलत कलम ५४ बी ची होय. विकलेली शेतजमीन मागील दोन वर्षे शेतीखाली असेल आणि विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत दुसरी शेतजमीन घेतली, तर त्या खरेदीत गुंतविलेल्या नफ्यास कर लागत नाही. कुरुळीचा शेतकरी शिरूर किंवा जुन्नर तालुक्यात जमीन घेऊन शेती चालू ठेवू शकतो तो या तरतुदीच्या आधारावर.

येथे तीन ठिकाणी घसरण होते. पहिली मुदतीची. दोन वर्षे पुष्कळ वाटतात, परंतु विवरणपत्राची तारीख त्याआधी येते, ती सामान्यतः ३१ जुलै. तोवर नवी जमीन घेतली नसेल तर नफ्याची रक्कम अधिकृत बँकेत १९८८ च्या भांडवली नफा खाते योजनेत ठेवावी लागते. साध्या बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत ठेवलेली रक्कम यासाठी उपयोगी पडत नाही. दुसरी चूक नावाची. वडिलांनी जमीन विकावी व नवी जमीन मुलाच्या किंवा सुनेच्या नावे घ्यावी हे घरच्या दृष्टीने स्वाभाविक आहे, परंतु सवलत ज्याला नफा झाला त्याची असते. वाद टाळावयाचा असेल तर नवा दस्त त्याच्याच नावे करावा. पुढे वाटणी करता येते. तिसरी, नवी जमीन तीन वर्षांच्या आत विकण्याची घाई. तसे केल्यास सवलत अंगाशी येऊ शकते. आणि सर्व जमीन गेली असेल तर शेतकरी असल्याचा दाखला जपून ठेवावा, कारण १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे बिगरशेतकऱ्यास परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही.

जमीन घ्यावयाची नसेल तर विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत आर.ई.सी., पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन यांसारख्या संस्थांच्या विशिष्ट रोख्यांत ५० लाख रुपयांपर्यंत नफा गुंतविता येतो. पैसे पाच वर्षे अडकतात व व्याज करपात्र असते. राहते घर बांधण्याचीही सवलत आहे, परंतु तीत नफा नव्हे तर विक्रीची सर्व निव्वळ रक्कम घालावी लागते व घरांच्या संख्येची अट आहे.

सातबाऱ्यावर चार भावांची व दोन बहिणींची नावे असतील तर नफा प्रत्येकाच्या हिश्श्याप्रमाणे वेगळा मोजला जातो व वर सांगितलेल्या सवलतीही प्रत्येकास वेगळ्या मिळतात. सर्व रक्कम थोरल्या भावाच्या खात्यात घेऊन मग वाटण्याच्या रीतीने नोटीस एकट्या थोरल्यास येते. धनादेश हिश्श्याप्रमाणे निरनिराळे घ्यावेत.

पैसा ठेवावा कोठे

मोबदल्याची रक्कम गावच्या पतसंस्थेत दोन टक्के जादा व्याजाने ठेवण्याचा मोह होतो. बँकेतील ठेवींस ठेव विमा महामंडळाचे संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारास प्रत्येक बँकेमागे ५ लाख रुपयांपर्यंत आहे. त्यात मुद्दल व व्याज दोन्ही आले. पतसंस्थेतील ठेवीस हा विमा नाही. सहकारी बँकही विम्याच्या मर्यादेपुरतीच निर्धास्त समजावी. पुण्याच्या रुपी सहकारी बँकेचा व पिंपरीच्या सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये रद्द केला, तेव्हा ठेवीदारांना विम्याचा आधार ५ लाखांपर्यंतच होता. कोटीची रक्कम एकाच ठिकाणी ठेवणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

ठेवींचे व्याज हे शेतीचे उत्पन्न नव्हे. त्यावर कर लागतो. कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांचे व गोदामाचे भाडेही करपात्र आहे. भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. गोदामासारख्या व्यापारी जागेचे वार्षिक भाडे २० लाख रुपयांहून अधिक झाल्यास वस्तू व सेवा कराची नोंदणीही घ्यावी लागते.

नवा कायदा व पुढील जनगणना

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी प्राप्तिकर अधिनियम, २०२५ आला आहे. त्यास २१ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली व १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख आहे. ‘मागील वर्ष’ व ‘करनिर्धारण वर्ष’ या गोंधळाच्या जोडीऐवजी त्यात ‘कर वर्ष’ हा एकच शब्द आहे. कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून या लेखातील जुने क्रमांक नव्या पुस्तकात जुळणार नाहीत. शेतजमिनीच्या २, ६ व ८ किलोमीटरच्या वर्तुळांचा नियम मात्र नव्या कायद्यातही तसाच ठेवला आहे.

लोकसंख्या शेवटच्या प्रसिद्ध झालेल्या जनगणनेची धरतात, म्हणून आजवर २०११ चे आकडे चालत आले. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरविण्यात आली आहे. चाकणची वस्ती कारखान्यांबरोबर किती फुगली हे तेथील प्रत्येकजण पाहतो. नव्या आकड्यांत नगरपरिषदेची लोकसंख्या १ लाखाच्या वर गेली, तर आकडे प्रसिद्ध झाल्यानंतर सुरू होणाऱ्या वर्षापासून तिचे वर्तुळ २ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर जाईल. पिंपरी-चिंचवडच्या ८ किलोमीटरच्या बाहेर असल्यामुळे आज ग्रामीण ठरणारी चाकणच्या उत्तर व पूर्व बाजूची कित्येक शिवारे तेव्हा शहरी होतील, तेथे तोच कांदा व तेच सोयाबीन उभे असले तरीही. हद्दवाढीची किंवा नव्या महानगरपालिकेची अधिसूचना निघाल्यास हीच गोष्ट जनगणनेपूर्वीही घडू शकते. या गावांतील ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी चावडीवर जमिनीचे व्यवहार बोलले जात असतील तेव्हा विक्रेत्यास जमिनीचे हवाई अंतर, पीकपाहणीची नोंद व जनगणनेच्या आकड्यांची तारीख या तीन गोष्टी इसार घेण्यापूर्वी विचाराव्यात.